हाराडा-सानच्या शेतातलं पाणी

जपानहून परत आल्यापासून भेटेल तो मला बुलेट ट्रेनबद्दल विचारतो. मी तिच्यात दोनदा बसले. वेळेवर सुटली, वेळेवर पोचली, संपलं. टोकियोवर लिहिणारे तर पुण्यात पैशाला पासरी मिळतील. मला लिहायचंय ते नारा शहराच्या दक्षिणेला, रेल्वेने चाळीस मिनिटं आणि मग पायी पंचवीस मिनिटं गेल्यावर लागणाऱ्या एका गावाबद्दल. चाळीस-एक घरं, एक तळं, एक देऊळ आणि भाताची खाचरं. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी तिथल्या मोठ्या माणसाची एक गोष्ट सांगणार आहे आणि माझीही.

वाय-टू-केचा गाजावाजा संपून काही वर्षं झाली होती. पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीतून कुणी ना कुणी जपानला निघालेलं असायचं. माझा नवरा मिलिंद त्यातलाच एक. नाराच्या बाहेर इलेक्ट्रॉनिक्सचा एक मोठा कारखाना होता, त्याच्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायला त्याच्या कंपनीने त्याला पाठवलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. नवऱ्याच्या व्हिसावर जायचं म्हणून नोकरी सोडली. गंमत म्हणजे पुण्यात तीन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जपानी शिकले होते मी, आणि मिलिंदला 'अरिगातो'च्या पुढे काही येत नव्हतं. म्हणजे भाषा माझ्याकडे आणि व्हिसा त्याच्याकडे, असा आमचा संसार विमानात बसला.

मार्च

नारा ही जपानची जुनी राजधानी, क्योतोच्याही आधीची. पहिल्या रविवारी आम्ही तिथला प्रचंड बुद्ध पाहिला. तो खरोखर प्रचंड आहे, फोटोत कळत नाही. देवळाच्या आवारात शेकडो हरणं मोकळी फिरतात. ती देवाची म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असावं, कारण एका हरणीने माझी ओढणी टोकापासून वीतभर खाऊन टाकली आणि वर माझ्याकडेच रागाने पाहिलं. आमच्याकडे देवाला सोडलेला पोळ असाच माजतो.

घर शोधायला मात्र शहरात तीन दलालांकडे गेलो आणि तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं. परदेशी भाडेकरू नकोत. हे इतक्या नम्रपणे सांगितलं जायचं की मिलिंदला वाटायचं घर मिळालं. तिसऱ्या दलालाने आम्हाला चहा दिला, दारापर्यंत पोचवलं, आम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो वाकून उभा होता. मला त्यापेक्षा कुणी दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटी कारखान्यातल्या ओनो-सानने, म्हणजे मिलिंदच्या जपानी साहेबाने, हे गावातलं घर शोधलं. मालक ओसाकाला राहायचा, आई वारल्यापासून घर सहा वर्षं बंद होतं. करार एका वर्षाचा आणि त्यात एक अट होती. ऑगस्टच्या शेवटी गावाची सभा भरते, तिथे आमच्याबद्दल कुणाची हरकत निघाली तर करार पुढे चालणार नाही. मिलिंद म्हणाला, सहा महिने तर मिळाले. मी म्हटलं, सहा महिने नाही, इथे मी राहणार. चार ठिकाणी हात जोडून मिळालेलं घर हरकतीच्या भीतीने सोडायला मी काही उंबऱ्याबाहेर ठेवलेली चप्पल नव्हते.

नव्या बिऱ्हाडाने शेजाऱ्यांकडे काहीतरी भेट घेऊन जायचं अशी तिथे रीत आहे. बहुतेक लोक साबण किंवा टॉवेल देतात. मी पातळ पोह्यांचा चिवडा केला आणि डब्यांत भरून पाच घरी नेला. आता आपल्याकडे आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यांच्याकडेही नसतो. दुसऱ्या दिवशी समोरच्या हाराडा-सान माझ्या डब्यात मुळ्याचं लोणचं घालून आल्या. मी त्यांच्या वाडग्यात शंकरपाळे दिले. त्यांनी बशीत पर्सिमन नावाच्या फळझाडाच्या पानात गुंडाळलेला भात आणला. त्यात मासा होता, तो मिलिंदने खाल्ला. मी शेंगदाण्याचे लाडू दिले. असं अडीच आठवडे चाललं. शेवटी हाराडा-सान हातात काही न घेता आल्या आणि म्हणाल्या, "देवरे-सान, आपण दोघी आता थांबू या. माझ्या घरातलं संपलं."

हाराडा-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, गुडघ्यांनी वाकलेल्या. मुलगा ओसाकात नोकरीला, रविवारी यायचा. आमच्या घरासमोरचं खाचर त्यांचं. त्यांच्याकडेच मी सकाळी चहाच्या पाण्यात शिजवलेली भाताची पेज पहिल्यांदा खाल्ली. नाराकडची ती खास न्याहारी. पहिल्या घासाला वाटलं, आजारी माणसाला देतात तसलं काहीतरी आहे. चौथ्या दिवशी मी ती घरी करायला लागले, फक्त वरून लसणाची फोडणी घालून.

एप्रिल

तळ्यातलं पाणी खाचरांपर्यंत न्यायला गावात दगडी चारी आहे. भातलावणीच्या आधी एका रविवारी सगळं गाव मिळून ती चारी साफ करतं. प्रत्येक घरातून एक माणूस, फावडं घेऊन, सकाळी सात वाजता. ही सूचना एका पाटीवर लावून घरोघर फिरते. ज्याने वाचली त्याने सही करायची आणि पुढच्या घरी द्यायची. पाटी माझ्याकडे आली तेव्हा मी खाली जोडलेली यादी वाचली. त्यात आमचं घर नव्हतं.

मी गावाच्या प्रमुखांकडे गेले. निशिमुरा-सान, पोस्टातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, ताठ कण्याचे. त्यांच्या घराण्याकडे चारीची व्यवस्था तीन पिढ्यांपासून. ते हसून म्हणाले, तुम्ही पाहुण्या आहात, तुम्हाला कशाला त्रास. मी म्हटलं, मला त्रास नाही. ते म्हणाले, तुम्हाला सवय नसेल.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी धुळे जिल्ह्यातली, साक्री तालुक्यातली. आमच्याकडे पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाटाचं पाणी शेतकरी आपसांत वाटून घेतात. त्या शेतांच्या पट्ट्याला आम्ही फड म्हणतो. हंगामाच्या आधी सगळ्या फडकऱ्यांनी मिळून पाट साफ करायचा आणि मग ज्याची पाळी त्याला पाणी. माझे आजोबा पाटकरी होते, म्हणजे कुणाला किती पाणी आणि कधी, हे पाहणारे. पाटातल्या गाळाचा वास मला आईच्या दुधाबरोबर मिळालाय. आणि हे सद्गृहस्थ मला सवयीचं सांगत होते.

मी हे सगळं त्यांना जपानीत सांगितलं. पाटकरी या शब्दाला माझ्याकडे जपानी शब्द नव्हता, तरी सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाले की राहू दे.

रविवारी तरीही मी गेले. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, मिलिंदचे बूट घालून. मला कुणी हाकललं नाही. उलट सगळ्यांनी कौतुक केलं, दोघांनी फोटो काढला आणि मला सावलीत नेऊन चहाच्या किटल्यांजवळ बसवलं. तीन तास मी चहा ओतला. ऐंशी वर्षांचे आजोबा माझ्यासमोर गाळ उपसत होते आणि बत्तीस वर्षांची मी पेले भरत होते. घरी आले तेव्हा बुटांना चिखलाचा एक डागही नव्हता. मी ते बूट जिन्याखाली फेकले आणि त्या दिवशी मिलिंदशी बोलले नाही, जरी त्याचा काही दोष नव्हता.

जुलै

त्या गावातला जुलै फार सुंदर असतो. भात गुडघ्याएवढं होतं, तिन्ही बाजूंचे डोंगर निळे दिसतात, आणि संध्याकाळी पाच वाजता गावाच्या भोंग्यावर एक गाणं वाजतं, मुलांनी घरी जावं म्हणून. गावात मुलं मोजून चार होती, तरी रोज वाजायचं.

टोकियोहून माझी मैत्रीण फोन करायची. तिच्या इमारतीत अकरा मराठी कुटुंबं होती, खाली इराण्यासारखं एक भारतीय दुकान, शनिवारी भजनी मंडळ. तू त्या जंगलात काय करतेस, असं ती दर वेळी विचारायची. मी महिन्यातून एकदा कोबेला जाऊन तूरडाळ, हिंग आणि कणीक आणायचे, तीन गाड्या बदलून. बाकी मला काही कमी नव्हतं. एवढंच की गावात सगळे माझ्याशी इतके चांगले वागत की त्यांच्यातली मी एक आहे असं कधी वाटलंच नाही.

जुलैच्या मध्यावर हाराडा-सान गुडघ्याच्या उपचारासाठी नाराच्या इस्पितळात गेल्या. दहा दिवस म्हणाल्या. पाऊस थांबला, ऊन तापलं, आणि चौथ्या दिवशी मी पाहिलं की त्यांच्या खाचरात पाण्याचा थेंब नाही. पाचव्या दिवशी मातीला भेगा पडल्या. शेजारून चारीतून पाणी खळखळत खाली चाललं होतं आणि या बाईच्या भाताच्या मुळाशी बोटभर भेग. रविवारी मुलगाही आला नाही.

माझ्याकडच्या माणसाला भेगा पडलेली जमीन बघवत नाही. त्याला इलाज नाही. आमच्याकडे पीक उभं असताना जमीन फाटली की घरात कुणी जेवत नाही. मी दोन दिवस खिडकीतून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन खाचराच्या तोंडाची लाकडी फळी उचलली. पाणी आत शिरलं, भेगांमधून बुडबुडे निघाले, आणि मी बांधावर उभी राहून खूष झाले. दुपारपर्यंत खाचर भरलं. मी फळी खाली केली आणि घरी येऊन वरणभात खाल्ला. आजोबांना सांगावंसं वाटलं.

संध्याकाळी निशिमुरा-सान दारात आले तेव्हा ते हसत नव्हते. त्यांनी विचारलं, फळी तुम्ही उचलली का. मी अभिमानाने हो म्हटलं.

मग त्यांच्याकडून मला कळलं ते असं. जपानात भात ऐन वाढीत असताना आठवडाभर त्याचं पाणी मुद्दाम तोडतात. जमिनीला भेगा पडू देतात. त्याने मुळं खोल जातात, वांझ फुटवे कमी होतात आणि कापणीच्या वेळी जमीन टणक राहते. हाराडा-सान इस्पितळात जाण्याआधी स्वतः वाकून ती फळी बसवून गेल्या होत्या. आठ दिवसांचं वाळवणं मी एका सकाळी बुडवलं होतं. आणि त्या सकाळी पाण्याची पाळी खालच्या अंगाच्या दुसऱ्याच शेताची होती, त्याला अर्धंच पाणी मिळालं.

आमच्याकडे पाळी नसताना पाणी घेण्याला पाणी फोडणं म्हणतात. आजोबांच्या हयातीत ज्याने पाणी फोडलं त्याच्या घरचं लग्न दोन वर्षं कुणी ठरवलं नव्हतं. मी पाटकऱ्याची नात, आणि परमुलखात येऊन पाणी फोडलं. त्या रात्री मला झोप आली नाही, लाजेने.

तरी मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. निशिमुरा-सान मला रागाने एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी कारखान्यात ओनो-सानला फोन केला. ओनो-सानने मिलिंदला बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी मिलिंद घरी आला तो ओसाकातल्या एका फ्लॅटचा कागद घेऊन. तिथे कंपनीचे बरेच परदेशी लोक राहतात, स्टेशनजवळ आहे, कोनबिनी म्हणजे चोवीस तासांचं दुकान खालीच, भाडं कंपनी देईल.

"त्यांचं म्हणणं, आपण आपणहून निघालो तर सभेत विषयच येणार नाही," मिलिंद म्हणाला. "कुणाचीच पंचाईत नाही."

"पाणी कुणी फोडलं? तू का ओनो-सानने?"

"अगं, तो मुद्दा नाही."

"तोच मुद्दा आहे. मी फोडलं, मला विचारा. मी काय घरातलं मांजर आहे, की मालकाला फोन करून सांगायचं?"

मिलिंद चांगला माणूस आहे, पण त्याला भांडण नको असतं. त्याने कागद फ्रिजवर चिकटवला. मी तो काढून उलटा चिकटवला.

सभागृहात

हाराडा-सान इस्पितळातून आल्या त्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले आणि जमिनीला डोकं टेकवलं. त्या काठीवर उभ्या होत्या. आत घेतलं नाही, चहा नाही. उभ्या उभ्याच त्यांनी मला झापायला सुरुवात केली, तिथल्या ग्रामीण बोलीत, वर्गात शिकवलेलं एकही आदराचं रूप न वापरता. निम्मं मला समजलं नाही. समजलं त्याचा मथितार्थ असा की डोळे होते तर विचारायला तोंड नव्हतं का. पाच महिन्यांत त्या गावात माझ्याशी पहिल्यांदा कुणी माणसासारखं बोललं होतं. मी रडले, पण मला बरं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी पाण्याचं काम पाहणारी मंडळी सभागृहात जमली. ओनो-सान सूट घालून आले होते आणि मिलिंदच्या शेजारी गुडघे मुडपून बसले होते. निशिमुरा-सान म्हणाले, देवरे-सान परदेशी आहेत, त्यांना आमची पद्धत माहीत नव्हती, हेतू चांगला होता, तेव्हा हे प्रकरण इथेच मिटवू. ओनो-सान वाकले. मिलिंद वाकला. सगळे उठायच्या बेतात होते.

मी हात वर केला.

मी म्हटलं, "भात वाळवतात हे मला माहीत नव्हतं. पण पाळी नसताना पाणी घ्यायचं नाही हे मला माहीत होतं. माझे आजोबा माझ्या गावचं पाणी राखायचे. तुमच्या गावातल्या माणसाने हे केलं असतं तर त्याला तुम्ही जे केलं असतं ते मला करा. मला माफी नको."

मिलिंदने डोळे मिटून घेतले. ओनो-सान माझ्याकडे असे पाहत होते, जणू मी त्यांच्या चहात मीठ घातलं होतं. मग हाराडा-सान भिंतीशी बसल्या जागेवरून म्हणाल्या की पूर्वी पाणी चोरणाऱ्याला उरलेल्या हंगामाची राखण करावी लागायची. या राखणीला तिथे मिझुबान म्हणतात. रोज पहाटे पाच वाजता तळ्यापासून शेवटच्या खाचरापर्यंत चालत जायचं, सगळ्या फळ्या पाहायच्या, ज्याची पाळी त्याचीच उघडी आहे ना ते बघायचं आणि वहीत लिहायचं. या वर्षी ते काम हाराडा-सानच्या घराकडे होतं आणि त्यांचे गुडघे गेले होते.

"हिला द्या," त्या म्हणाल्या.

निशिमुरा-सानला ते पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण रीत त्यांच्या आजोबांच्या वेळची होती. त्यांनी मला वही दिली आणि शेवटी सभेची आठवण करून दिली. ऑगस्टअखेर घराचा विषय निघेल, तेव्हा वहीही वाचली जाईल. म्हणजे ही राखण नीट झाली तर घर, नाहीतर ओसाका.

ऑगस्ट

पहाटेचं ते गाव ज्याने पाहिलं नाही त्याने जपान पाहिला असं मी म्हणणार नाही. तळ्यावर धुकं, बगळे, आणि कुठल्यातरी घरातून देवापुढच्या घंटेचा एकच ठोका. मी मिलिंदचे बूट जिन्याखालून शोधून काढले होते. पहिल्या आठवड्यात दोनदा चारीत पडले. तिसऱ्या दिवशी पायाला जळू लागली. तिला मीठ लावून काढलं ते पाहून एका आजोबांनी मान डोलावली.

वहीत मी माझ्या वेड्यावाकड्या जपानी अक्षरांत लिहायचे. फळ्या ठीक. पाळी अमक्याची. एका जागी दगड सरकला होता, लावला. बेडूक फार. लोक मला पाहून नुसते 'गरम आहे' म्हणत, मीही 'हो, गरम आहे' म्हणायचे. कौतुक कुणी करत नव्हतं. हाराडा-सानचं भात पुन्हा वाळवून पुन्हा भिजवावं लागलं होतं. थोडं मागे पडलं होतं, पण तगलं.

पितरांचा सण झाला. पाऊस पडलाच नाही. तळं निम्म्यावर आलं आणि पाळ्या तोडून कमी कराव्या लागल्या. भात पोटरीत आलं होतं. पोटरीतल्या भाताला पाणी कमी पडलं की दाणा भरत नाही, हे धुळ्यात आणि नारात सारखंच. त्या दिवसांत बांधावर भेटणारी माणसं एकमेकांशी कमी बोलायची.

सभेला दहा दिवस उरले होते. त्या पहाटे पाळी हाराडा-सानची होती. मी तळ्याकडून येत होते आणि वळणावर पाहिलं तर वरच्या अंगाच्या एका खाचराची फळी वर होती. पाणी आत चाललं होतं. फळीजवळ कमरेवर हात ठेवून निशिमुरा-सान उभे होते.

त्यांनी मला पाहिलं. पळाले नाहीत, दचकलेही नाहीत. आपल्या भाताकडे पाहत होते, अगदी तसेच, जशी मी जुलैत हाराडा-सानच्या बांधावर उभी होते. मला त्यांची दया आली. मनात आलं, वाटेने सरळ पुढे जावं, धुकं होतं, मी काही पाहिलं नाही. घर वाचेल. या माणसाच्या एका शब्दावर ते राहणार होतं किंवा जाणार होतं.

मी जवळ गेले आणि म्हटलं, "निशिमुरा-सान, आज पाळी हाराडा-सानची आहे."

ते म्हणाले, "ठाऊक आहे."

मी तिथेच उभी राहिले. मग ते खाली वाकले, फळी दोन्ही हातांनी दाबून बसवली, कडेला चिखल लावून फट बुजवली आणि घराकडे निघून गेले.

घरी येऊन मी वही उघडली. मिलिंद डबा भरत होता. त्याने झालेलं ऐकलं आणि डबा तसाच ठेवला.

"लिहू नकोस," तो म्हणाला. "फळी त्यांनी खाली केली ना? झालं. दहा दिवसांवर सभा आहे, उज्ज्वला."

"माझी चूक सगळ्या मंडळींपुढे निघाली."

"तू बाहेरची आहेस. त्यांची गोष्ट वेगळी."

"म्हणूनच लिहिणार."

त्याने कपाळाला हात लावला आणि ऑफिसला गेला. मी लिहिलं. तारीख, वेळ, कुणाची पाळी, कुणाची फळी. नावापुढे आदराचं सान लावलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. ते पान जरा जास्तच वाकडं आलं. घर गेलं तरी चालेल, पण दारातून ताठ मानेने निघेन, असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर घर जाईल याची मला खात्रीच होती. त्या आठवड्यात मी ओसाकाचा कागद सरळ करून वाचलाही.

सभा

सभेला प्रत्येक घरातलं माणूस असतं. जमिनीवर चटया, मध्ये चहा, पंखे फिरताहेत. वही वाचायचा मान प्रमुखाचा. निशिमुरा-सानने चष्मा लावला आणि पहिल्या दिवसापासून वाचायला सुरुवात केली. फळ्या ठीक. फळ्या ठीक, बेडूक फार. लोक हसले. दगड सरकला होता. राखणदार चारीत पडली. पुन्हा हसले. मी हाताची बोटं मोजत बसले होते.

त्या पानावर आल्यावर ते थांबले नाहीत. त्याच आवाजात, पोस्टात तार वाचावी तसं, त्यांनी ते पूर्ण वाचलं. पहाटे पाच वाजून वीस मिनिटं. पाळी हाराडा-सान यांची. निशिमुरा-सान यांच्या शेताची फळी उघडी होती. निशिमुरा-सान तिथे होते. राखणदाराने सांगितल्यावर त्यांनी फळी बंद केली. मग पान उलटून त्यांनी पुढचा दिवस वाचला आणि वही संपवली.

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "जुलैत जो नियम लागला तोच लागेल. हा हंगाम संपत आला, तेव्हा पुढच्या हंगामाची राखण माझ्याकडे." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "देवरे यांच्या घराबद्दल कुणाची हरकत?"

मागून एक जण, मोठा शेतकरी, सावकाश म्हणाला की बाहेरून आलेल्या माणसाने गावच्या प्रमुखाचं नाव असं वहीत लिहावं, हे जरा... आणि वाक्य तिथेच सोडलं. तिथे वाक्य असं सोडलं की ते पुरं झालेलं असतं. दोघातिघांनी माना खाली घातल्या. मिलिंदने माझ्या कोपराला हात लावला.

हाराडा-सान काठीवर जोर देऊन अर्ध्या उठल्या. "मग आतल्या कुणी लिहिलं असतं का?"

मागच्या माणसाने चहाचा घोट घेतला. निशिमुरा-सानने एकवार सगळीकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, हरकत नाही.

"माझी आहे," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. मिलिंद बिचारा पुन्हा डोळे मिटून बसला. मी म्हटलं, चारी-सफाईच्या यादीत आमचं घर नाही. मी पुढच्या एप्रिलमध्ये चहा ओतायला येणार नाही. यादीत नाव असेल तर फावडं घेऊन येईन, नसेल तर तसं इथे सगळ्यांसमोर सांगा.

निशिमुरा-सानने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भिंतीवरची यादी खाली घेतली आणि आमचं नाव कसं लिहायचं ते मला विचारून हाराडांच्या खाली लिहिलं. शाई वाळेपर्यंत तसेच धरून बसले.

"सकाळी सात वाजता," ते म्हणाले. "उशीर झाला तर नाव इथे सगळ्यांसमोर वाचलं जाईल."

मी म्हटलं, "वाचा."